धरणाखाली गेलेल्या गावाचं पान

बाबा,

तुमच्या शूफेनचा नमस्कार. मी मजेत आहे, खोलीत शेगडीही मिळाली. तुमचा खोकला कसा आहे? खरं सांगा.

तालुक्याच्या इतिहास-भूगोलाच्या पुस्तकातून आमचे संपादक निए साहेब आपलं गाव वगळणार होते. म्हणाले, "धरणात बुडालेल्या गावाचं काय लिहायचं?" मी तुमच्यासारखी वेशीपासून एकेक घर सांगत गेले. ते ऐकतच राहिले. मग म्हणाले, "लिहा. एकही घर सुटायला नको."

भाताचा वाडगा हातात धरून तुम्ही रोज हेच सांगायचात आणि मी वैतागायचे. बरं झालं बाबा, तुम्ही कधी थांबला नाहीत.

फक्त ताओ सुताराचं घर विहिरीच्या अलीकडे की पलीकडे, ते आठवत नाही. लवकर कळवा. पान तुमच्यासाठी थांबवलंय.

तुमचीच,
शूफेन