टोळीतली तुमची पहार

आणि तरी तुम्ही म्हणतच राहिलात, 'मला काय धाड भरलीय, धडधाकट हाय मी.' आबा, धडधाकट माणूस नोकरी सुटल्यावर वर्षाच्या आत मरतो का? वैद्याला रोग सापडला नाही. मला सापडला, पण तुम्ही गेल्यावर कैक वर्षांनी, इथं कराचीच्या गोदीत पोती वाहताना.

लोणावळ्याच्या रुळांखाली खडी ठोकण्यात तुमचा जन्म गेला. टोळीत हाक तुमची. रूळ सरकवायचा तर सगळ्यांच्या पहारी खाली जायच्या, तुम्ही ओरडायचात, 'मुकादमाची घरवाली रुसली रं,' टोळी म्हणायची 'हैशा', आणि रूळ हलायचा. मुकादमही हसायचा. मग वय झालं म्हणून काढलं, खोली रिकामी करायला लावली, आणि आपण भुशीपलीकडं गावी आलो. मला वाटलं, आता आबा सुखानं बसतील. एका दुपारी तुम्ही पारावर गेलात, तर बोलणंच थांबलं. 'या रेल्वेवाले. तुमाला शेतातलं काय कळायचं?' एकजण म्हणाला, आणि कुणी सरकून जागा दिली नाही. मी समोरून बघत होतो. तुम्ही उभ्याउभ्याच माघारी फिरलात. आई म्हणाली, 'आज लौकर आलात?' 'तितं डास लय,' तुम्ही म्हणालात. भर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी टोळी पहारी धुऊन ओळीनं मांडते, कुंकू लावते, आणि ज्याची पहार त्याच्या कपाळालाही लावते. नोकरी सुटली तरी माणूस जिता असेतो त्याची पहार त्या ओळीत. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून निघालात. दिवेलागणीला परत येताय, मी विचारतोय, 'मांडली का तुमची?' 'मांडली की. पैली माझीच.' कपाळ कोरडं होतं. तुमची पहार नव्या माणसाला दिली, नव्या मुकादमाला रीत ठाऊक नव्हती, हे तुमच्या तेराव्याला टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. त्या रात्रीपासून तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजलात आणि शिमग्याआधी गेलात. एक शब्द बोलायचा होता. मी मुकादमाच्या दारात जाऊन बसलो असतो. ह्याचा राग अजून जात नाही.

परवा तापानं पडलो होतो. शेजारच्या खाटेवरच्यानं तेव्हा माझं नाव विचारलं. एवढी वर्षं एकाच खोलीत निजतोय आम्ही. सुट्टीचा दिवस आला की जीव घाबरा होतो, कुणाकडं जावं कळत नाही, म्हणून गोदीतच जाऊन उभा राहतो. आईला कळवलंय, दोस्त पुष्कळ आहेत.

ह्या पत्राला पत्ता नाही, हे ट्रंकेतच राहील. टोळीतल्या त्या म्हाताऱ्याला मात्र मनीऑर्डर करतोय. रीत जित्या माणसाची आहे, ठाऊक आहे, तरी ह्या नवमीला एक पहार तुमच्या नावानं मांडा, असं लिहिलंय. तिच्या शेजारी एक माझ्याही नावानं मांडा, असंही लिहिलं होतं. ते खोडलं. नारळ, कुंकू आणि टोळीचा चहा मिळून दोन रुपये.