लेडलवरचा कोंडा

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता ती भट्टीही उभी नाही. तरी आज तुमच्याशी कोंड्याबद्दल बोलते.

भंडारा जिल्ह्यातल्या त्या लहान पोलाद कारखान्यात तुम्ही भट्टीचे मिस्त्री होता. भट्टीतलं पोलाद लेडलमध्ये, म्हणजे माणसाहून उंच अशा बादलीत, उतरवलं की ते झाकावं लागतं. नाहीतर साच्यात ओतण्याआधीच जमू लागतं. झाकायची पावडर बाहेरून यायची आणि वेळेवर कधीच यायची नाही. करडी गावातल्या धानगिरणीमागे कोंड्याचे ढीग जळत पडलेले असत. सत्तरच्या दशकात एके दिवशी तुम्ही तिथली पोतंभर राख आणून लेडलवर पसरली, आणि शेवटच्या साच्यापर्यंत धातू पातळ राहिला. मग तीच रीत पडली, आणि त्या राखेलाही सगळे कोंडाच म्हणू लागले. त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून तुम्ही आईला सगळं सांगता आणि आई भाकरी उलटत म्हणते, "आमी रोज भांडे घासतो त्या राखीची किंमत तुमाले आता समजली का?"

मी नागपूरला शिकून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा ऐंशी साल उलटलं होतं. नव्या जातीच्या पोलादाची ऑर्डर आली होती. त्यात विरघळलेला ऑक्सिजन बांधण्यासाठी शेवटी अ‍ॅल्युमिनियम घालायचं होतं. या पोलादाचे शाफ्ट लेथवर कातताना त्यांवर रेघा उघडत. माल परत आला, पुन्हा परत आला. आणखी एकदा आला असता तर ऑर्डर गेली असती आणि तिच्याबरोबर भट्टीची एक पाळी बंद झाली असती. सूक्ष्मदर्शकाखाली मला टोकदार, कडक कणांचे घोस दिसत होते. अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड. मी लेडलच्या आतल्या विटा तपासल्या, अ‍ॅल्युमिनियम कमी-जास्त करून पाहिलं. शेवटी कोंडाच उरला.

मी तुम्हाला बोलावून ते कण दाखवले. एक डोळा मिटून तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात.

"हे कोंड्यासारखं कुठी दिसून राहिलं?"

"कोंडा नाही हा, बाबा. राखेत सिलिका असते. अ‍ॅल्युमिनियम तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेते अन् हे कण बनतात. आपल्या जुन्या पोलादात अ‍ॅल्युमिनियम नव्हतं, म्हणून चालून गेलं."

"म्हणजे मी वरून झाकून राहिलो, अन् घाण आत घालून राहिलो."

मी हो म्हटलं. यापेक्षा मऊ उत्तर मी शोधलं नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

"मंग उघडं ठेवतं का? सारं लेडल जमून जाईन."

"खाली चुना टाकू. त्याच्यावर कोंडा. राख धातूले लागलीच नाही पाहिजे."

तुम्ही भट्टीकडे निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर येते तर चुना भट्टीच्या कडेला तापवून कोरडा केलेला, आणि घमेलं तुमच्याच हातात. सगळ्यांसमोर तुम्ही आधी चुना टाकता. क्रेनवाला वरून म्हणतो, "काय मिस्त्री, पोरीनं बापालेच चुना लावला." खालचे हसतात. तुम्ही मान वर न करता म्हणता, "माह्याच पोरीनं लावला ना? तुले काहून जळते?" मग चुन्यावर राख पसरता. कण वर तरंगून चुन्यात मुरावेत म्हणून आपण लेडल थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. नंतर ओतलं, आणि धार शेवटपर्यंत तुटली नाही. ते शाफ्ट स्वच्छ निघाले. ऑर्डर टिकली, पाळीही टिकली.

निकाल आला त्या दिवशी घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता.

"बाई, स्टोअरात पावडर येऊन पडली होती. मंग वर कोंडाच कायले ठेवला?"

"कोंडा जास्त वेळ गरम ठेवते," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत. पुढे आपण दुसरंच काही बोलत गेलो.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून लिहिते. पावडरही तेवढाच वेळ गरम ठेवत होती, बाबा. तुमच्याशी बोलण्याआधीच मी ती तपासून पाहिली होती.