चौथ्या थरातली बाई

मी, खाली डाव्या हाताने सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कागदी देखाव्यांच्या पेट्या करणे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे आज सकाळीच डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. कोणी धाक घातलेला नाही. घालणारा मुलगा कामावर गेला आहे. घाई मरणाची नाही. येत्या शुक्रवारी तो माझ्या सुनेला तिच्या बहिणीकडून परत या घरात आणणार आहे, आणि आणली तर या खेपेला तो तिचा जीव घेईल. मुलाला सगळे देणारे माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्याचा लगदाही करून झाला आहे.

कलम १. राहते घर, खाली दोन खोल्या, वर दोन, मधला जिना धरून, सुनेला. बँकेत असेल ते तिलाच. मुलाने म्हणू नये की बापाचे घर होते. बाप पुस्तके बांधायचा आणि बांधून झाली की प्यायचा. विटा माझ्या पेट्यांच्या आहेत.

कलम २. हत्यारे. पाती, पट्ट्या, कात्र्या सुनेला. विकल्या तरी चालतील. बारीक चिमटे घरासमोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांना द्यायचे होते, पण वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला काही देता येत नाही, काकू." म्हणून ते आत्ताच डॉक्टरांच्या खिशात घातले.

पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा भंगारवाल्याला फुकट द्यावा. याच शिकंज्यात नवऱ्याने माझा उजवा हात धरून दांडा फिरवला होता. कारण काय, तर वाढायला उशीर. दोन बोटे काडकन मोडली. शेजारी पुस्तके चिकटवायचा सरस उकळत होता. मी डाव्या हाताने भांडे उचलून त्याच्या पायावर ओतले. मोज्याबरोबर कातडे निघाले. पुढे मरेपर्यंत त्याने माझ्यावर हात उचलला नाही, आणि मी समजले, विषय मिटला. सहा वर्षांचा मुलगा दारात उभा राहून सगळे बघत होता, हे माझ्या लक्षातच आले नाही.

कलम ३. जुन्या जपानी ठशांच्या चित्रांवरून केलेल्या एकेचाळीस पेट्या, खाली वगळलेल्या सोडून, सुनेला. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, आत कापलेल्या कागदाचे सात थर. मागचा डोंगर आधी, माणसे शेवटी. चौकातला दुकानदार म्हणायचा, "काकू, बाईमाणसाने फुलंबिलं करावीत, मुंडकी काय उडवताय?" विकल्या मात्र आधी माझ्या लढायांच्या पेट्याच गेल्या, आणि पैसे मोजताना त्याला मुंडकी दिसली नाहीत. त्याला एकही पेटी देऊ नये. लाल पानांच्या पानगळीच्या तीन पेट्या सुनेच्या बहिणीला द्याव्यात. त्यातले प्रत्येक पान मी सुईच्या टोकाने चिकटवले आहे.

कलम ४. बेचाळिसावी पेटी, आमच्या जिन्याची. ही विकायची नाही.

सून बहिणीकडे गेली, त्याच्या आधी एका दुपारी मुलाने तिला केसांना धरून जिन्यावर ओढले आणि तिचे तोंड कठड्यावर आपटले. एकदा नाही, चारदा. मग पायाने खाली ढकलले. इस्पितळात तिचा जबडा तारेने बांधलेला. हवालदार आले तेव्हा मुलगा म्हणाला, "जिना ओला होता हो, पाय घसरला तिचा." हवालदार माझ्याकडे वळले, "मावशी, तुम्ही काय पाहिलंत?"

मी म्हणाले, "पाय घसरला."

सून माझ्याकडे बघत होती. बोलता येत नव्हते तिला.

दुसऱ्या दिवशी मुलाने भिंत रंगवून टाकली. त्याआधी पहाटे मी मोजपट्टी घेऊन प्रत्येक शिंतोडा मोजून घेतला होता: कुठल्या पायरीपाशी, जमिनीपासून किती उंच. पेटीत ते जसेच्या तसे आहेत. घसरलेल्या बाईचे रक्त चार जागी, छातीच्या उंचीवर, उडत नाही. मुलाने ती पेटी स्वतः पुसून दर्शनी कपाटात ठेवली. पाहुण्यांना दाखवतो, "बघा, आईने आपल्या जिन्यावर पानगळ केलीय." माझ्या पेट्यांत लाल ठिपका म्हणजे पान, एवढेच त्याला ठाऊक.

चौथ्या थरात, स्वयंपाकघराच्या दारात, एक म्हातारी आहे. हातात कात्री आहे, तरी ती बाई जागची हललेली नाही. ती मी. मला त्या बाईची किळस येते.

कलम ५. वकीलबाई म्हणतात, "काकू, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडतात." मी विचारले, "मग शुक्रवारच्या आत मरू का?" म्हणून माझी आज्ञा अशी, की बाकीची कलमे मी गेल्यावर, पण चौथे आजच. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की मी पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने पोलीस ठाण्यात जाणार आहे, आणि आधीचा जबाब खोटा होता हे माझ्या तोंडाने सांगणार आहे.

तो माझा एकुलता एक मुलगा आहे. अजूनही तो जेवला नाही तर मला घास जात नाही. त्याला आत टाकायला निघाले आहे, तेव्हा सही वाकडीतिकडी आली, तरी ती माझीच समजावी.

ठिकाण : माझे कामाचे टेबल
दिनांक : सतरा, मंगळवार, सकाळी सव्वाअकरा
सही : पेटीवाली

साक्षीदार १ : समोरचे दातांचे डॉक्टर
साक्षीदार २ : शेजारची शिवणकामवाली. भिंतीपलीकडून चारही वेळा आपटल्याचे मीही ऐकले होते. मीही येते, काकू.