एकदा वजन आलं

६ जानेवारी

देणार म्हणे! कडे चढणाऱ्यांनाही यंदापासून क्रीडा पुरस्कार देणार. सेक्रेटरीने क्लबात पुरस्कार समितीचं पत्र वाचून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. त्या कोंदट खोलीत आम्ही नऊ जण, टाळ्या नव्वद जणांच्या. फक्त मास्तर हात बांधून बसलेले. सत्तरी उलटली त्यांची. आम्हा सगळ्यांना पहिली गाठ त्यांनीच शिकवली.

"धावण्याला घड्याळ आहे, उडीला फूटपट्टी आहे," म्हणाले. "कड्याला काय आहे? वर चढणाऱ्याचा शब्द आणि खाली दोर धरणाऱ्याचा. त्यावर बिल्ले वाटणार?"

सेक्रेटरी उसळला — "बिल्ला नाही म्हणूनच तर लोक आपल्याला रिकामटेकडे म्हणतात!"

"मग आहोतच की."

सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू पार उतरलं. पुरस्काराबरोबर प्रशिक्षकाची कायमची नोकरी आहे. आणि क्लबाने नाव पाठवायचं ठरवलं ते एकच. पाल. माझा धाकटा भाऊ. लहानपणी भिंतीला चिकटून बसायचा म्हणून मीच ठेवलेलं नाव, आता त्याचे साहेबसुद्धा तेच म्हणतात.

७ जानेवारी

आईने शोकेसमधलं बाबांचं बंद घड्याळ काढून कपाटावर ठेवलं. पुरस्काराला जागा केली!

"आई, अजून अर्जसुद्धा आलेला नाही."

"येईल गं. एकदाचा तो काचा पुसायचा थांबेल."

पाल उंच इमारतींच्या काचा पुसतो. गच्चीवरून दोर सोडायचा, फळीवर बसायचं, बादली, रबर, खाली खाली यायचं. मागच्या महिन्यात त्याच्या शेजारच्या दोरावरचा माणूस पडला. दोर कठड्याच्या कडेवर घासत होता, कोणी पाहिलंच नाही. पालीने त्यानंतर उरलेल्या चार खिडक्या पुसल्या आणि मग खाली आला. का, तर वरून साहेबांनी ओरडून सांगितलं, काम पुरं कर. हे त्याने जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं तसं. तेव्हापासून आई त्याचा फोन वाजला की हातातलं टाकून उभी राहते.

मी आधी मास्तरांच्या बाजूची होते. बिल्ले-बिल्ले नकोत म्हणायची. आता म्हणते द्या! एक नको, दोन द्या. लाकडाचा द्या, पत्र्याचा द्या, पण त्याला त्या फळीवरून उतरवा.

८ जानेवारी

गुडघा ठणकतोय. लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासल्या. लोकांच्या तोंडात हसू बसवायचं काम माझं, आणि माझ्या थोबाडाकडे बघा.

११ जानेवारी

अर्ज आला. दोन वेगळे कागद. एक चढणाऱ्याने भरायचा, एक दोर धरणाऱ्याने. एकमेकांना दाखवायचे नाहीत, पाकिटं बंद करून द्यायची. ही मास्तरांची अट, समितीने मान्य केली. पालीच्या कागदावर बरीच चौकटी-चौकटींची खोगीरभरती. माझ्या कागदावर प्रश्न एकच.

"पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढणाऱ्याचं वजन दोरावर एकदाही आलं होतं का?"

कपाळ माझं! तोच नेमका!

१२ जानेवारी

लिहून टाकते. या वहीलाही सांगितलेलं नाही आजवर.

दोन वर्षांपूर्वी पालीने 'आरसा' चढला. गुळगुळीत कडा, म्हणून आरसा. बारा बोल्ट ठोकलेले आहेत त्यावर. तोवर तो कोणीही एका दमात चढलेला नव्हता. दोर असतो तो पडलो तर वाचवायला, टेकायला नव्हे. मध्ये एकदा लटकून दम खाल्ला की चढाई बाद. साधी गोष्ट आहे, यात पळवाट नाही.

खालून दोर मी धरला होता. अकराव्या बोल्टपर्यंत तो मला दिसत होता. वर फुगवटा आहे, तो ओलांडला की चढणारा दिसेनासा होतो. मग दोर हाताला काय सांगेल तेवढंच. वारा इतका की शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि हिसका बसला. लगेच दुसरा. मी दोर करकचून आवळला आणि धरून ठेवला. तीन श्वास मोजले. मग दोर हलका झाला. बऱ्याच वेळाने वरून आरोळी आली — "झालं!"

सेक्रेटरी आणि बाकीचे नाचायला लागले. मी नाचले नाही. माझ्या हातांना माहीत होतं. लटकला होता तो. तीन श्वास.

खाली आला तेव्हा ओठ फुटलेला, पुढचा दात अर्धा गेलेला. "तोंड आपटलं गं," म्हणाला, आणि त्या फुटक्या दाताने हसला. त्याला दाताची टोपी मीच करून दिली लॅबमध्ये. दात तुटला होता आतून बाहेर. आपटलेला दात असा तुटत नाही, आत जातो. तेव्हा मी म्हटलं, या माणसाचं सगळंच उलटं. त्याने मान हलवली फक्त.

दोन वर्षं गप्प बसले. त्याच्या आनंदात माती कशाला कालवायची? तेव्हा नोकरी नव्हती त्यात, बिल्लाही नव्हता. आता कागदावर विचारताहेत.

१५ जानेवारी

"अर्ज भरलास?"

"भरू गं."

"कधी?"

"त्यात नेमकं काय लिहायचं तेच कळत नाहीये, ताई." आणि माझ्याकडे बघेना. बुटाची नाडी सोडतोय, बांधतोय, सोडतोय.

माझा भाऊ खोटं बोलताना नाडी बांधतो, शाळेत असल्यापासून. मन खातंय त्याचं. मला कळलं.

१८ जानेवारी

रविवार. सगळे छोट्या कातळावर सरावाला. पाल चढला, दोर माझ्याकडे. दर बोल्टपाशी तो खालचा दोर वर ओढून घेतो आणि क्लिपमध्ये अडकवतो. तेवढी ढील खालच्याने त्या क्षणी द्यायची, जास्त नाही, कमी नाही. सगळी कला तेवढीच.

वरून ओरडला — "तू दोर धरलायस का माझी कॉलर? ढील दे गं बाई, श्वास तरी घेऊ दे!"

सगळे हसले. मला राग आला. याला काय जातंय बोलायला! मी सहा वर्षांपूर्वी पडले ती कोणीतरी हातभर ढील जास्त दिली म्हणून. पाऊण मिनिटाचा निष्काळजीपणा, आणि माझा गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून माझ्या हातात असलेला माणूस कधी खाली आपटलेला नाही. एकही नाही.

२२ जानेवारी

मास्तरांकडे गेले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग म्हटलं, "समजा हं, नुसतं समजा. वजन आलं. तीनच श्वास. पण पोरगा गुणी आहे आणि गरजूही आहे."

मास्तरांनी कप खाली ठेवला. कळलंच असणार त्यांना, म्हातारा काय दूधखुळा आहे?

"तर मग गुणी आणि गरजू म्हणून नोकरी द्या. चढाईचं नाव कशाला घेता?"

"असं कोणी देत नाही, मास्तर."

"नाही देत."

मग म्हणाले, "म्हणूनच बोंबलत होतो. आजवर कोणाला खोटं बोलायचं कारण नव्हतं. आता दिलं." उठले आणि कप विसळायला गेले.

२४ जानेवारी

पेन्सिलीने लिहिलं — "नाही." घड्याळाविना रिकामी शोकेस बघितली. बरोबर वाटलं.

दुपारी लॅबमध्ये मेणात दात बसवताना सगळी वरची ओळ वाकडी झाली. मालकीणबाई म्हणाल्या, "लक्ष कुठाय बाई तुझं?" घरी येऊन खोडलं.

२५ जानेवारी

पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. कागद त्या जागी झिरझिरीत झालाय.

२८ जानेवारी

पेनाने लिहिलं. "एकदा वजन आलं." खाली सही. पाकीट चिकटवलं, क्लबाच्या पेटीत टाकलं. पालीचं पाकीट आधीच आत होतं. भरला म्हणजे त्याने एकदाचा.

का केलं? स्वतःला विचारतेय सकाळपासून. चढणं गेलं. गुडघा गेला. लग्न-बिग्न राहूनच गेलं. चांगली दोर धरणारी, एवढी एकच ओळख उरलीय माझी. पालसुद्धा म्हणतो, ताईच्या हातात असलो की खाली बघावं लागत नाही. तेवढं एक मला खोटं करता येईना. बस. एवढंच कारण. भावापेक्षा मोठं आहे का ते? नाही. तरी केलं.

तो फळीवर लटकेल आणि मी खऱ्याची राहीन. वा रे खरेपणा. थू!

१९ फेब्रुवारी

निकाल लागला. कडे चढण्यासाठी यंदा कोणालाच पुरस्कार नाही. "एकही अर्ज निकषांत बसला नाही." सेक्रेटरीने पत्र टेबलावर आपटलं. "आपल्याला माणसांत धरतच नाहीत हे लोक!" मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

आईने कपाटावरचं घड्याळ पुसून परत शोकेसमध्ये ठेवलं. पालच म्हणाला, "बरं झालं आई, तिथं घड्याळच शोभतं. दिवसातून दोनदा तरी खरं बोलतं."



२३ फेब्रुवारी

पालीने करार केला. तीन वर्षं, लांबच्या शहरात, इथल्यापेक्षा दुप्पट उंच इमारती. विचारलं नाही कोणाला. आईने फक्त एवढं विचारलं, "तिथं दोर चांगले असतात ना रे?"

"एक नंबर असतात."

बोलताना नाडी बांधत होता.

२४ फेब्रुवारी

सांगून टाकावं का त्याला, की मी लिहिलं? दोनदा तोंड उघडलं. दोनदा त्यानेच विषय बदलला. "ताई, त्या लोकरीच्या मोज्यांचं काय केलंस?" मोजे! आणि हल्ली फार गोड वागतोय माझ्याशी. माझा गुडघा शेकायला पाणी तापवून देतो. मला ते सोसत नाही.

२ मार्च

गेला. सकाळच्या गाडीने. सामान दोनच पिशव्या.

स्वतःचा दोर नेला नाही. पिशवीसकट माझ्या खाटेखाली सरकवला. "तिथं मला कोण धरणार? तुझ्याकडे राहू दे. आलो की तूच धरायचास."

मी म्हटलं, "माझ्या हातून आता होत नाही रे."

"गप ए. तुझ्यासारखं कोणी धरत नाही," म्हणाला, आणि हसला. मी केलेला दात जरा जास्तच पांढरा झालाय, बाकीच्यांत मिसळत नाही. आई फाटकापर्यंत गेली. मी नाही गेले. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

३ मार्च

काही नाही. कवळ्या.

५ मार्च

दोराला हवा लागावी म्हणून पिशवी उपसली. तळाशी समितीचं पाकीट. परत आलेले अर्ज, दोन्ही. त्याच्या नावाने आलेलं, फोडलेलं, वर शिक्का एकवीस फेब्रुवारीचा. म्हणजे माझी ओळ वाचली होती त्याने. वाचून माझ्यासाठी पाणी तापवत होता.

त्याच्या कागदावर एक चौकट आहे, 'सर्वांत कठीण क्षण'. त्याच्या त्या गिचमिड अक्षरात —

"बारावा बोल्ट. अडकवायला दोर वर ओढला, दातांत धरला, पुन्हा ओढला. आला नाही. दोर तोंडातून सुटला. मग बोल्ट तसाच सोडून वर गेलो. पडलो असतो तर खालच्या कट्ट्यापर्यंत गेलो असतो. चूक माझी. खाली हाक दिली नाही."

लटकला नव्हता तो. ढील मागत होता. आणि मी तीन श्वास आवळून धरलं होतं.

हाक कशी देणार रे? तोंडात दोर होता.