पेटीतला चार्जर आणि पिकअपचा निर्णय

मंगळवारी दुपारी घरी पोचलेला माल: लाकडी पेटी एक. आत सुपरचार्जर एक, त्याचा पट्टा एक, हवा थंड करण्याची जाळी एक, पेट्रोलचे इंजेक्टर सहा, नळ्या व नटबोल्टांची पिशवी. एकूण किंमत दोन लाख चाळीस हजार. पैकी साठ हजार यजमानांनी हयातीत आगाऊ भरले, बाकी मी माझ्या ठेवीतून दिले. हमाल दोनशे मागत होता, दीडशे दिले.

ही पेटी माझ्या मालमत्तेत आल्यामुळे जुने मृत्युपत्र रद्द करून हे नवे लिहून ठेवीत आहे. वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक. येत्या बावीस तारखेला हृदयाची शस्त्रक्रिया आहे. देवावर भरवसा आहे, तरी कागद केलेला बरा. डोके शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. थोरल्याने तर अडवूनच पाहिले.

कलम १. राहते घर थोरल्या मुलास. त्याने व सूनबाईने मला सांभाळले. मागच्या खोलीतली गळती त्याने यंदा तरी काढावी; तीन वर्षे "बघतो आई" चालू आहे.

कलम २. उरलेली ठेव थोरला व धाकटी यांत निम्मी निम्मी. शिवणयंत्र सूनबाईस. तिची शिलाई माझ्यापेक्षा सरळ येते, हे तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून येथे लिहिते.

कलम ३. नटबोल्ट मापात आवळण्याचा यजमानांचा पाना कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सात वर्षांपूर्वी नेला, "दोन दिवसांत आणतो, वहिनी" म्हणून. त्या पान्याची रिकामी डबी त्यास द्यावी, म्हणजे जोडी पुरी होईल. माझ्या मनात राग नाही. थोडा आहे.

कलम ४. यजमानांची पिकअप गाडी व ती पेटी, दोन्ही धाकट्या मुलीस. कारण लिहिणे भाग आहे.

यजमानांनी या गाडीतून बावीस वर्षे लोकांच्या घरी कपाटे पोचवली. चढावर गाडी रडकुंडीला येई. धाकटी इंजिनांच्याच कामात. ती म्हणाली, "बाबा, हिला सुपरचार्जर बसवू. इंजिन स्वतः ओढतं तेवढी हवा पुरत नाही. पट्ट्यावर फिरणारं यंत्र जास्त हवा आत ढकलेल."

"माझी गाडी उसनी हवा घेत नाही."

"उसनी कसली? तीच हवा, जरा दाबून."

"तू मला दाबू नकोस."

शब्दाने शब्द वाढला. मी मध्ये पडून मुलीलाच म्हणाले, "ज्याची गाडी त्याला कळते, तू गप्प बस." ती त्याच संध्याकाळी गेली. चार वर्षे पत्राला उत्तर देते, घरी येत नाही. वडील गेले तेव्हा आली आणि चहा न घेता परतली. ते वाक्य माझे होते आणि चुकीचे होते.

तिला ठाऊक नाही ते असे. शेवटच्या आजारात यजमानांच्या नाकात प्राणवायूची नळी होती. एके सकाळी परिचारिकेला म्हणाले, "मला उसनी हवा चालते, मग गाडीनं काय पाप केलंय?" दुसऱ्या दिवशी फोनवर कोणाशी बराच वेळ बोलले आणि मला म्हणाले, "वहीत लिही. चार्जर, आगाऊ साठ हजार." मला वाटले मोबाईलचा. साठ हजारांत असले शंभर येतात म्हणून मी पलंगाशी उभी राहून बोलले, शेजारचे रुग्णही उठून बसले. ते इतके हसले की ठसका लागला. खुलासा मात्र केला नाही. मी वहीत "चार्जर, फसवणूक" असे लिहिले. पेटी उघडल्यावर दुसरा शब्द खोडला आणि बाकी रक्कम मोजून दिली.

थोरला म्हणतो, "आई, परत पाठव, निम्मे तरी पैसे येतील." सल्ला वाईट नाही. मी साबणाचे तुकडे जोडून वापरणारी बाई आहे. तरी परत पाठवणार नाही.

यंत्र धाकटीने स्वतः बसवावे, इतरांनी हात लावू नये. जुन्या इंजिनाला दाब जास्त झाला तर पिस्टनला भोक पडते असे कळते, म्हणून दाब बेताचा ठेवावा. बेताने घेणे तिच्या आईबापांना जमले नाही, तिला जमेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: (घरमालकीण)
साक्षीदार १: समोरच्या निवृत्त शिक्षिका
साक्षीदार २: औषधाच्या दुकानाचे मालक
स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्याशी
दिनांक: नऊ, शस्त्रक्रियेस तेरा दिवस बाकी

ता. क. धाकटे, ही प्रत तुझ्यासाठी. कलम चौथे माझ्यानंतर लागू व्हावे अशी मला हौस नाही. बावीसच्या आधी येऊन काम सुरू केलेस तर गाडीचे कागद तुझ्या हातात देईन आणि ते कलम स्वतः खोडीन. एसटी स्टँडवर घ्यायला थोरला येईल, त्यानेच आपणहून सांगितले. कोणत्या गाडीने येतेस ते उलट टपाली कळव.