वेड्यावाकड्या वांग्यांची वाटणी

मी, उखा चिंधा सोनवणे, वय ७४, मागावरून निवृत्त, राहणार गोडादरा, सुरत, हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय लिहीत आहे. सरलाबाईंचा धाक आहे, पण तो लग्नापासूनचा. तो धरू नये.

१. घर माझ्यामागे पत्नी सरलाबाईंचं. त्यांच्यानंतर मुलगा गोपाल आणि मुलगी जयश्री यांचं निम्मं-निम्मं. कोणता मजला कोणाचा, ते गावच्या रीतीने चिठ्ठ्या टाकून ठरवावं.

२. माझं नाव कोणत्याही नातवाला ठेवू नये. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईने मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि उखा म्हटलं; यमाला किळस यावी म्हणून. "नावानेच तगलास," ती म्हणे. गल्लीत आणखीही उखा होते. ते तगले नाहीत, म्हणून त्यांच्या आयांना नावाचा गुण कोणी विचारला नाही.

३. चौथीचं मराठीचं पुस्तक जयश्रीला. त्यातल्या कविता मी मागाच्या खडखडाटात चालीवर म्हणत असे. कमळावर कविता आहे, चंद्रावर आहे, वांग्यावर नाही. हा सल घेऊन जात आहे.

४. गच्चीवरच्या पिंपांत मी भरताची वांगी लावतो, घरच्याच बियांची. एक झाड काटेरी निघतं, एक ठेंगणं, एकाच्या फळाला पांढऱ्या रेघा. काय निघेल ते मला ठाऊक नसतं, झाडालाही नसतं. शेजारच्या बन्सीलालची पाकिटातल्या बियांची वांगी मात्र कवायतीला उभी. "उखा, ही वांगी आहेत की वरात?" तो हसे.

मग मर रोग आला. बन्सीलालची झाडं शिस्तीत, एकदमच माना टाकून गेली. माझीही गेली, पण रेघांची तीन राहिली.

"नशीब तुझं," बन्सीलाल म्हणाला.

"वेगळं निपजणं नशीब," मी म्हणालो. "पण रोग चिठ्ठ्या टाकत नाही रे, तो चाळणी लावतो."

त्या तिघांत काय होतं, ते मला दिसलं नाही, रोगाला दिसलं. आज आपण खातो ती त्यांचीच लेकरं.

५. गोपालला गच्चीवर शेड टाकून एम्ब्रॉयडरीचं मशीन बसवायचं आहे. आधीच्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, वांगी राखशील तरच घर. सरलाबाई कडाडल्या, "मरताना बी वांगाच दिसतस का तुम्हले?"

विचार केला. हुकमाने राखलेली वांगी म्हणजे पुन्हा बन्सीलालची कवायतच. आणि सगळा वंश एकाच गच्चीवर ठेवला, तर तो बुडवायला एक शेड पुरे. म्हणून अट रद्द. शेड खुशाल टाकावी. बी वाटावं: जयश्रीला चलथाणच्या परसासाठी, मेहुण्यांना अमळनेरला, आणि बन्सीलालला. सुंदर फळाचंच बी धरू नये, वाकड्याचंही धरावं. पुढच्या चाळणीची भोकं कशी असतील, कोणी पाहिलंय?

६. बन्सीलाल साक्षीदार म्हणून आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. वकील हर्षदाबाई म्हणाल्या, "काका, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही न केलेली बरी. सही की बी, ठरवा."

बन्सीलालने पेनाला टोपण लावलं. "दुसरा साक्षीदार बघ," म्हणाला, "आणि पुडी जरा मोठी बांध."

वरील सर्व मला वाचून दाखवलं, पटलं, सही केली.

उखा चिंधा सोनवणे
गोडादरा, सुरत. ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. दत्तू नथू बागुल, पर्वत पाटिया
२. वाल्मिक बोरसे, गोडादरा (वांग्याने अंगाला खाज सुटते, सबब निःपक्षपाती)