सातवा ट्रॅक

मारुंजी
मंगळवार, दुपार

प्रिय स्नेहल,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय असं समजू नकोस. चार वेळा नंबर लावला आणि चारही वेळा तू उचलायच्या आत मीच कट केला. तोंडाने बोलायला गेले तर मधेच रडू फुटेल, आणि मग तूच मला समजावत बसशील. पॉलिटेक्निकला माझा एक विषय राहिला होता, तेव्हा तू दिवसभर माझ्याजवळ बसलीस आणि तुझा डबा तसाच घरी गेला. तुझी ती सवय मला ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला.

ईशू कशी आहे? औषधाने तिला सारखी झोप येते असं तू माझ्या आईला सांगितलंस, ते कळलं. चाकणला तुझ्या माहेरी तिला बरं वाटत असेल, मामाच्या गच्चीवर खेळायला जागा आहे. पण शाळा बुडतेय, याचा घोर तुला लागला असणार.

माझ्या नोकरीची तुला कायम गंमत वाटायची. दिवसभर गेम खेळायचे आणि वर पगार घ्यायचा, असं तू तुझ्या नवऱ्याला, जयदीपला सांगायचीस. खरं तर खेळणं असं त्यात काही नसतं. ‘टुकटुक टोळी’ हे प्राण्यांचं कार्टून आमच्या कंपनीकडे आलं, त्याचा हातात धरून खेळायचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम करायचा ठरला, तेव्हापासून दहा महिने मी एकेका वळणावर तीनशे तीनशे वेळा गाडी मुद्दाम आपटली. कोंबडीची गाडी भिंतीत घुसते का, मुंगूस हरल्यावर तोंड पाडतो की नाही, हे बघायचं आणि चुकलं असेल ते लिहून द्यायचं. गेमच्या शेवटी सगळ्यांची नावं वर सरकतात ना, त्यात ‘अंजली कांबळे’ दिसलं तेव्हा बाबांनी तो कन्सोल गल्लीभर फिरवला. कारखान्यात तीस वर्षं माल तपासला माणसाने, पण नाव कशावर उमटलं नव्हतं.

ईशूच्या आठव्या वाढदिवसाला तो गेम मीच घेऊन आले. तिने ढब्बी म्हैस निवडली, कारण तुमच्या गोठ्यात अजून दोन म्हशी आहेत. तुझ्या सासूबाई चष्मा लावून बघायला आल्या. “ही म्हस गाडी हाकती व्हय?” म्हणाल्या, आणि मग स्वतःच कन्सोल हातात घेऊन म्हैस तळ्यात घातली. ईशू हसून हसून लोळली. सासूबाईंना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, असं तू मला जिन्यात म्हणालीस.

त्या रविवारी मी तिथे नव्हते. तू सांगितलंस तेवढंच मला माहीत आहे. जेवणं झाली होती, ईशू सोफ्यावर होती, सातव्या ट्रॅकवर, हिऱ्यांच्या खाणीत. “आई, बघ, पहिली येतेय मी,” असं ओरडली, आणि तू वळून बघेपर्यंत तिचे हात ताठ झाले होते, डोळे वर गेले होते. तू तिला कुशीवर वळवलंस, मान धरून ठेवलीस. रावेतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती तुला ओळखत नव्हती. मला हे सांगताना तुझा आवाज अगदी सपाट होता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होतीस.

गुरुवारी मी तुमच्या हॉलमध्ये बसले होते ते आठव. सासूबाई माझ्यासमोरच बोलल्या. “आमच्या सात पिढ्यांत कुनाला फेफरं न्हाई. तुझ्या माहेरचं हाय का काय? मंग लगीन ठरताना सांगाया नगं व्हतं?” जयदीप खिडकीतून खाली बघत राहिला. तू म्हणालीस, “नाही हो आई, आमच्याकडे कुणालाच नाही. विचारा अंजूला, ती लहानपणापासून घरी येते.” मी म्हटलं, “नाही, कुणालाच नाही.” एवढंच. हातातला कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. दुसऱ्या दिवशी तू ईशूला घेऊन चाकणला गेलीस.

तुला कुणी कळवलं की नाही ठाऊक नाही, परवा मी पुनावळ्याला तुझ्या सासरी जाऊन आले. सासूबाई आणि जयदीप दोघांना समोर बसवलं. म्हटलं, त्या गेममध्येच दोष आहे. सातव्या ट्रॅकच्या बोगद्यात स्क्रीन फार जोरात लुकलुकते, काही मुलांच्या मेंदूला तसला उजेड सोसत नाही, त्याने फिट येऊ शकते. डॉक्टरांना हे सांगायला हवं, त्यावरून त्यांना उपचार ठरवता येतील. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग विचारलं, “म्हंजी माझ्या सुनेनं कायबी लपवलं न्हाई?” मी म्हटलं, “नाही.” “आन् तुजी नोकरी जाईल हे सांगितल्यावर?” “जाऊ दे.” त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. “खरं बोलनारी पोर हाय गं तू.” मग जयदीपला म्हणाल्या, “फुडच्या रविवारी गाडी काढ. मी सोता येते, तिची माफी मागते.”

स्नेहल, तो हात मला सोसवला नाही. मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं. बोगद्यात तीन गाड्यांनी एकदम टर्बोचा वेग घेतला की सगळी स्क्रीन लाल-पांढरी फडफडते, हे मला ऑगस्टमध्येच सापडलं होतं. मी लिहूनही दिलं, ‘गंभीर. मुलांना फिट येण्याचा धोका.’ आमचे रणजीत सर म्हणाले, “दिवाळीची तारीख ठरलीय अंजली, तीन गाड्या एकदम कितीदा येणार? किरकोळ कर.” मी शब्द बदलला. लुकलुकण्याची चाचणी न घेताच तिच्यापुढे ‘पास’ लिहिलं. त्या आठवड्यात मला नोकरीत कायम करणार होते. गेमला रंगीत कागद गुंडाळताना हे आठवलं का, असं तू विचारशील. आठवलं. मीच बदललेला शब्द तोवर मलाच खरा वाटायला लागला होता. दोन्ही कागद, ‘गंभीर’ लिहिलेला आणि नंतर बदललेला, सोबत जोडलेत, माझ्या नावाचे, तारखांसकट. ते डॉक्टरांना दाखव, जयदीपला दाखव. इतर मुलंही तो ट्रॅक खेळतायत, म्हणून आज सकाळी कंपनीच्या मोठ्या साहेबांना सगळं लेखी दिलं आणि तो बंद करायला सांगितलं. त्यांनी माझं ओळखपत्र काढून घेतलं. रविवारी तुला न्यायला येतील तेव्हा ते दोघं म्हणतील, अंजलीमुळे आपलं घर वाचलं. ते तुझ्या कानावर पडायच्या आधी हे तुझ्या हातात असावं, म्हणून लिहिलं.

अजून तरी तुझीच,
अंजू